बिलावर नुसतं ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग’ लिहून कसं चालेल?

प्रति,
मा. संपादक,

संपादक महोदय, स.न.वि.वि.

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की आपल्याच काय, सगळ्याच पेपरांत पहिल्या पानापासून लॅपटॉपच्या जाहिराती सुरू होतात, शून्य टक्के व्याज, बॅग फ्री, जुना द्या नवा घ्या, आणि मग घराघरात एकच चर्चा की पोराला साठ हजाराचा घ्यायचा का सत्तर हजाराचा. डेस्कटॉपचं नावच कोणी काढत नाही. मी डोंबिवलीत पंचवीसेक वर्षं डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे अहवाल, आता जास्त करून वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि एवढ्या वर्षांत माझ्या टेबलावर कंपनीचा तयार कॉम्प्युटर कधी आलाच नाही, सगळे पार्ट आणून जोडलेले. त्यामुळे सोसायटीत, नात्यात कोणाला मशीन घ्यायचं असलं की आधी मला विचारायला येतात. (आणि शेवटी घेतात लॅपटॉपच, ते असो.)

हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाला लॅपटॉप लागणारच, त्यात वाद नाही. पण जो मुलगा रोज संध्याकाळी घरी येऊन त्याच टेबलाशी बसणार आहे, ज्याचा लॅपटॉप काही वर्षांत चार्जर लावल्याशिवाय चालेनासा होणार आहे आणि सकाळच्या फास्ट लोकलच्या गर्दीत तो नेऊ नको रे बाबा म्हणून ज्याची आई दारापर्यंत मागे लागते, त्याच्यासाठी तेवढ्याच कामाचा डेस्कटॉप बराच स्वस्त पडतो आणि तो पार्टापार्टाने दुरुस्त होतो. हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, वाढवायची म्हटली तरी वाढवता येत नाही. माझं कॅबिनेट २०१०च्या आसपासचं आहे, आतलं सगळं बदलत गेलं, पत्रा तोच.

पण हे पत्र मी लॅपटॉपवाल्यांसाठी लिहीत नाहीये. जे लोक पैसे वाचवायचे म्हणून असेंबल्ड घ्यायचं ठरवतात आणि मग दुकानात जाऊन ‘वीस-पंचवीस हजारात चांगलं बसवून द्या’ एवढंच सांगून मोकळे होतात, त्यांच्यासाठी आहे.

आमच्याच मजल्यावरच्या एका वहिनींनी मुलाला डिप्लोमासाठी असं मशीन घेतलं, मॉनिटरसकट वीस हजारांच्या आसपास. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असं बिल देणारं ते काही एकटंच नाही. बिल मी बघितलं, त्यावर एकच ओळ, ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, आय५, ८ जीबी, एसएसडी, १ नग’. मुलाची तक्रार अशी की ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं की मशीन दम लागल्यासारखं करतं आणि मधूनच आपोआप रीस्टार्ट होतं. मी सिस्टीमची माहिती काढली. प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, इंटेलचा आय५च होता, खोटं काही नव्हतं, फक्त तो आय५-३४७० होता, म्हणजे तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा. हा प्रोसेसर बाजारात आला तेव्हा वापरणारा पोरगा बालवाडीत होता! साइडचा पत्रा काढला तर आत एच६१ चिपसेटचा, म्हणजे त्या जुन्या प्रोसेसरांसाठीचा, चकचकीत नवा बोर्ड, कुठल्याच ओळखीच्या कंपनीचा नाही, असे बोर्ड अजून बनवून विकतात आणि ऑफिसांतून निघालेले जुने प्रोसेसर त्यांवर बसवतात. रॅम डीडीआर३, म्हणजे जुन्या प्रकारची. आणि त्यावर विंडोज ११, जे मायक्रोसॉफ्टच्या नियमाने इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली चालायलाच नको, ते पळवाट काढून टाकलेलं, अर्थात लायसन्स वगैरे काही नाही.

आता यात दुकानदाराने फसवलं म्हणायचं तर बिलावर आय५ लिहिलंय आणि आय५ दिलाय. कुठली पिढी हे त्याने लिहिलं नाही आणि यांनी विचारलं नाही, सगळी गोम तिथेच आहे. लोकांच्या डोक्यात आय३ म्हणजे हलका आणि आय५ म्हणजे भारी एवढंच बसलंय. खरं तर आय५च्या पुढे जो आकडा असतो त्यातला पहिला एक किंवा दोन अंक म्हणजे पिढी, ३४७० म्हणजे तिसरी, ८५०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. बाराव्या पिढीचा आय३-१२१०० हा २०२२चा प्रोसेसर त्या जुन्या आय५ला सहज मागे टाकतो, चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत त्याला, जुन्याला चार आणि चारच. तरी दुकानात आय३ म्हटलं की बाप लोक नाक मुरडतात, तेवढ्यासाठी दुकानदारालाही मग आय५ दाखवावा लागतो.

आणखी एक अक्षर बघायचं. इंटेलच्या नंबरामागे एफ असेल, १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणारच नाही. एएमडी या दुसऱ्या कंपनीचं उलटं, त्यात रायझन ५ ५६००जी मधला जी असला की ग्राफिक्स आत आहे, साध्या ५६००मध्ये नाही. ज्याला गेम खेळायचे नाहीत, ज्याचं काम ऑटोकॅड, कोडिंग, टॅली, आमच्यासारखं कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर, त्याने ग्राफिक्स कार्डावर सुरुवातीला एक रुपयाही घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे लागलं तर स्लॉट आहेच.

सगळ्यात जास्त चिडायला मात्र मला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बघून झालं. वहिनींच्या मशीनमधला काढून हातात घेतला तर रिकाम्या खोक्यासारखा हलका. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. पण प्रत्येक एसएमपीएसच्या बाजूला एक बारीक तक्ता छापलेला असतो, तो वाचायचा. त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने असतात आणि खाली अँपिअर. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे, सगळी ओढ १२ व्होल्टवरच असते, बाकीच्या लाइनींना फारसं काम नाही. या डब्यावर १२ व्होल्टखाली लिहिलं होतं १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॅट! झालं ना? बाकीचे वॅट न लागणाऱ्या लाइनींचे आकडे मिळवून दाखवलेले, आणि ते १६८ तरी खरे असतील याची खात्री कोण देणार. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटवाल्यावर त्याच रकान्यात पस्तीसच्या आसपास आकडा असतो, गुणाकार करा, ४२०च्या आसपास जातो. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे करता येतं, इंजिनिअर लागत नाही.

एसएमपीएसवरचं ‘८० प्लस’ हे चिन्ह २००४पासून आहे, त्याचा अर्थ एवढाच की ठरावीक लोडवर भिंतीतून ओढलेल्या विजेतली निदान ८० टक्के आत पोचते, बाकीची उष्णता होते. ब्राँझ, गोल्ड या त्याच्या वरच्या पायऱ्या. साध्या घरगुती मशीनला ब्राँझ पुष्कळ झालं, अडीच-तीन हजारात येतो. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ म्हणून येतो तो बहुतेक वेळा तो हलका डबाच असतो आणि माझ्या मते बजेटमध्ये जिथे कधीच वाचवू नये अशी एकच जागा असेल तर ती ही, कारण बाकीचा पार्ट गेला तर तो एकटा जातो, वाईट एसएमपीएस गेला तर जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क बरोबर घेऊन जाऊ शकतो. आमच्या धंद्यात लग्नसराईच्या ऐन गर्दीत मशीन गेलं म्हणजे काय होतं ते ज्याचं गेलं त्यालाच कळतं, पत्रिका काही मुहूर्तानंतर देऊन चालत नाही.

एसएमपीएसवरून आठवलं, पुष्कळ घरांत कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, पायात चप्पल नसेल तर चांगलाच झटका जाणवतो. लोक म्हणतात मशीन खराब आहे. बहुतेक वेळा खराब काही नसतं, घराला अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांचं एक टोक पत्र्याला जोडलेलं असतं आणि अर्थिंगची तिसरी पिन जिथे जायला हवी तिथे वायरच नसेल तर पत्र्यावर थोडा करंट उतरतो, टेस्टर लावला तर लुकलुकतो. जुन्या चाळी, जुन्या बिल्डिंगी, गावाकडची घरं, सगळीकडे हेच, आणि तीन पिनांचं सॉकेट दिसतं म्हणून अर्थिंग आहे असं कोणी समजू नये. कॉम्प्युटरवर हजारो रुपये घालायच्या आधी वायरमनला बोलावून तेवढं करून घ्या.

आता रॅम. संपादक साहेब, तुम्ही रोज सोन्याचा भाव छापता, आठवड्यातून एकदा रॅमचा छापायला हरकत नाही अशी वेळ आलीये. २०२५च्या सुरुवातीला ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिकचा जोड तीन-साडेतीन हजारात मिळायचा. त्याच वर्षी दिवाळीनंतर भाव असे काही भडकले की दुकानदार सकाळी दिलेलं कोटेशन संध्याकाळी पाळेनात. कारण सगळ्यांना माहीत आहे, एआयची डेटा सेंटरं. जगातली बहुतेक सगळी मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, त्यांना एआय सर्व्हरची महागडी मेमरी बनवण्यात जास्त पैसा दिसतोय, मग आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी उरतंय थोडं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशल’ हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर करून टाकलं, आमच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं डोळे झाकून घेतलेला ब्रँड. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, तीही त्याच लाटेत महागली.

त्यामुळे पूर्वी जो सल्ला मी द्यायचे तो आता तसाच देता येत नाही. पूर्वी सांगायचे की सरळ दोन स्टिक घ्या, कारण दोन स्टिक दोन वाटांनी चालतात आणि ज्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही तिथे त्याचा फरक डोळ्याला दिसतो, ग्राफिक्स रॅममधूनच खातं ना. आता म्हणते की पैसे नसतील तर ८ जीबीची एकच घ्या, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा आणि भाव उतरले की त्याच स्पीडची दुसरी टाका. ऑटोकॅड ८वर चालतं, १६वर बरं चालतं. आणि आधी घरात, ऑफिसात, भावाच्या जुन्या मशीनमध्ये डीडीआर४ची स्टिक पडलीये का ते शोधा! दोन-चार वर्षांपूर्वी भंगारात जात होत्या त्या स्टिकना आज किंमत आहे. डीडीआर३ चालणार नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते, स्लॉटमध्ये जाणारच नाही, दाबू नका. लॅपटॉपची रॅम आखूड असते, तीही नाही.

जुनी डीडीआर४ वापरायची तर बोर्डही तसा हवा. एएमडीचं एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा), ए५२० किंवा बी४५० बोर्ड, हे सगळं डीडीआर४. नवीन एएम५ मात्र फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या पिढीची गंमत अशी की एकाच एच६१० चिपसेटचे बोर्ड डीडीआर४चेही येतात आणि डीडीआर५चेही, खोकं सारखंच दिसतं, नावामागे बहुतेक वेळा डी४ किंवा डीडीआर४ लिहिलेलं असतं ते बघून घ्या. बी४५० घेत असाल तर दुकानदाराला बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट करून द्यायला सांगा, तो बोर्ड रायझन ५०००च्या आधीचा आहे, जुन्या बायोसवर ५६००जी चालूच होत नाही आणि मग माणूस घरी येऊन बोर्ड खराब आहे म्हणून रडतो.

भावाचा साधारण अंदाज द्यायचा तर प्रोसेसर दहा-बारा हजार, बोर्ड पाच-सहा, एसएमपीएस अडीच-तीन, कॅबिनेट दोन, २२ इंची मॉनिटर सहा-सात, कीबोर्ड-माउस हजाराच्या आत. रॅम आणि एसएसडीचा आकडा मी मुद्दाम लिहीत नाही, हे पत्र छापून येईपर्यंत तो बदललेला असेल. मॉनिटरचे पैसे पहिल्या महिन्यात नसतील तर घरचा टीव्ही एचडीएमआयने लावा, अक्षरं थोडी फुसकी दिसतात पण काम अडत नाही (मालिकांच्या वेळेत भांडण होईल ते तुमचं तुम्ही बघा). यूपीएस मात्र पहिल्या दिवसापासून, ६०० व्हीएचा ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला पुरतो, फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता.

आणि एवढंही बजेट नसेल तर? तर नवीन घ्यायचा हट्ट सोडा आणि ऑफिसातून निघालेलं ब्रँडेड मशीन घ्या, डेलचं ऑप्टिप्लेक्स, एचपीचं एलिटडेस्क, लेनोव्होचं थिंकसेंटर. मोठ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी अख्खा लॉट बदलतात आणि ती मशीनं पुसून-पासून बाजारात येतात. वहिनींना त्या वीस हजारात आठव्या पिढीच्या आय५-८५००चं असं मशीन मिळालं असतं, सहा कोअर, विंडोज ११ला अधिकृत चालणारं, आणि अशा ब्रँडेड मशीनची विंडोजची चावी बहुतेक वेळा बोर्डाच्या बायोसमध्येच असते त्यामुळे विंडोज कायदेशीर, वेगळे पैसे नाहीत. रॅम आतच येते म्हणून सध्याच्या भावात तर हा सौदा आणखीनच परवडतो. आठव्या पिढीच्या खालचं मात्र घेऊ नका, विंडोज १०चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला संपवला आहे. जुनं मशीन असलेल्यांनी विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकून बघावं, ब्राउझर, टायपिंग, कोडिंगला काही अडत नाही, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात आहे, फक्त ऑटोकॅड, कोरल चालत नाही म्हणून आम्ही अडकलो. ब्रँडेड मशीनची एक खोड सांगून ठेवते, त्यांचे बोर्ड आणि एसएमपीएस बऱ्याचदा त्यांच्याच मापाचे, त्यांच्याच पिनांचे असतात, बाजारातला बसत नाही. अगदी चपटं मॉडेल घेतलं तर पुढे मोठं ग्राफिक्स कार्डही बसणार नाही. उभं टॉवर मिळालं तर ते घ्या.

आता जोडायचं. लोकांना वाटतं हे फार कौशल्याचं काम आहे. एक स्क्रू ड्रायव्हर आणि दुपारचा मोकळा वेळ, एवढंच लागतं. प्रोसेसर बसवताना तेवढा श्वास रोखायचा, एएम४ प्रोसेसरच्या पोटाखाली हजारावर बारीक पिना असतात, कोपऱ्यात एक सोनेरी त्रिकोण असतो आणि तसाच त्रिकोण सॉकेटवर, दोन्ही जुळवून नुसता वरून सोडायचा, आपल्या वजनाने तो खाली बसतो, मग खटका पाडायचा. दाबावं लागतंय म्हणजे चुकतंय. इंटेलमध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, तिथे बोट लावायचं नाही. बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवायच्या आधी बोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळी नट जिथे लागतात तिथेच लावलेत ना बघा, नको त्या जागी एखादा राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होऊ शकतो. सगळ्यात वैताग म्हणजे पुढच्या बटणाच्या त्या बारीक वायरी, पॉवर स्विच, रीसेट, एलईडी, कुठली कुठे ते बोर्डाच्या पुस्तिकेतल्या चित्रात असतं, चष्मा आणि टॉर्च घेऊन बसा.

पहिल्यांदा बटण दाबलं आणि डिस्प्ले आला नाही तर घाबरायचं नाही. प्रोसेसरजवळची वेगळी पॉवरची वायर राहिलेली असते, नाहीतर रॅम नीट बसलेली नसते, दोन्ही बाजूंनी टक असा आवाज यायला हवा. जुनी स्टिक असेल तर तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवा, आमच्या भागातले सगळे रिपेअरवाले पहिला उपाय हाच करतात आणि निम्म्या वेळा तेवढ्यावरच दोनशे रुपये घेतात.

तरी ज्याला नाहीच जोडायचं त्याने दुकानात जोडून घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. पण पार्ट आपण निवडायचे आणि बिल पार्टाप्रमाणे घ्यायचं. माझं म्हणणं खरं म्हणजे एवढंच आहे. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, प्रत्येकाची कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर बिलावर पाहिजे. प्रोसेसरला, बोर्डाला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, रॅमला त्याहून कितीतरी जास्त, आणि ती कंपनीची असते, दुकानाची नव्हे. पण ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग’ असं बिल घेऊन तुम्ही सर्व्हिस सेंटरला गेलात की तिथला माणूस विचारतो यातला आमचा पार्ट कुठे लिहिलाय. मग परत दुकानात, दुकानदार म्हणतो आमची एक वर्षाची होती, संपली. म्हणजे तीन वर्षांचे पैसे मोजून एक वर्ष पदरात. प्रोसेसर खोक्यासकट घ्या, ट्रेमधला सुटा पीस पाच-सातशेने स्वस्त असतो पण त्याला कंपनीची वॉरंटीही नाही आणि पंखाही नाही. रिकामी खोकी माळ्यावर टाका, फेकू नका.

आणि ते ‘बिल पाहिजे का? मग जीएसटी लागेल’ हे वाक्य. कॉम्प्युटरच्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, चाळीस हजारांच्या मशीनवर ही रक्कम छोटी नाही, मोह होतो हे मलाही कळतं. पण मागूनही बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सरळ सरळ अनुचित व्यापार प्रथा धरलेली आहे, आणि जीएसटीच्या बिलात मालाचं वर्णन आणि संख्या लिहावीच लागते. पाच वेगवेगळ्या कंपन्यांचा माल ‘१ नग’ म्हणून दाखवणं याला वर्णन म्हणायचं का, हे जीएसटीवाल्यांनीच सांगावं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं.

दुकानदारांची बाजू मला माहीत नाही असं नाही. मार्जिन सुटत नाही, ऑनलाइनवाले भाव पाडतात, गिऱ्हाईक दहा दुकानांत कोटेशन फिरवतं आणि शेवटी शंभर रुपयांसाठी तुटतं. मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गाला, असे दुकानदार आहेत जे न सांगता प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर टाकून देतात आणि वर एसएमपीएस हलका घेऊ नका म्हणून आपणहून सांगतात. एकाने केलं म्हणजे सगळ्यांना करता येतं. व्यापारी संघटनांनी पार्टाप्रमाणे बिल देणाऱ्या दुकानांना काचेवर लावायला साधा स्टिकर दिला तरी गिऱ्हाईक आपोआप तिकडे वळेल, सरकारने काही करायची वाट बघायला नको.

आपल्या पेपरलाही एक विनंती. ऍडमिशनच्या दिवसांत करिअर पुरवणीत तुम्ही कुठल्या शाखेला किती पॅकेज ते छापता, त्यात एक चौकट प्रोसेसरची पिढी कशी वाचायची आणि एसएमपीएसचा तक्ता कसा बघायचा याची छापा. लॅपटॉपच्या पानभर जाहिरातीशेजारी छापली तरी आमची हरकत नाही.

वहिनींच्या मुलाचं मशीन अजून तेच आहे, एसएमपीएस तेवढा बदलून दिलाय, आपोआप रीस्टार्ट होणं थांबलं, ऑटोकॅड अजून रडतंच चालतं. दुकानदाराकडे बिलात पिढी लिहून मागितली आहे, अजून लिहून दिलेली नाही.

आपली,
एक नियमित वाचक, डीटीपी व्यावसायिक,
डोंबिवली (पूर्व)

ता. क. पहिल्यांदाच लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्यांनी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला पूर्वेला उतरावं, चालत पाच-सात मिनिटं आहे. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. आणि जुनी डीडीआर४ स्टिक बरोबर नेणार असाल तर नुसती खिशात टाकू नका, एखाद्या पार्टच्या खोक्यातली ती स्थिर विजेपासून वाचवणारी करड्या रंगाची चकचकीत पिशवी असते, तिच्यात घालून न्या.